दागिना नव्हे, दाखला

सॅकच्या पट्ट्याला टोचलेली सिनेमाची किंवा मालिकेची रंगीत पिन दिसली, की ते परदेशी खूळ आहे असे आपण धरून चालतो. पिन घडवण्याचे आजचे तंत्र आणि तिचा बाजार बाहेरून आला, हे खरेच आहे. पण छातीवर धातूचा तुकडा लावून ‘मी अमुक’ असे सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचे कूळ शोधायला श्रीरामपूरचे एसटी स्थानक आणि बेलापूर नावाचे तिथले रेल्वे स्थानक एवढेही पुरेसे आहे. कंडक्टरच्या खिशावरचा बिल्ला आणि फलाटावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला यांवर नक्षी नसते, क्रमांक असतो. रिक्षावाल्याने ‘बॅज काढला’ म्हणजे त्याला धंद्याची मुभा मिळाली. रेल्वे हमालाचा बिल्ला तर ठरावीक अटींवर मुलाच्या किंवा जवळच्या नातलगाच्या नावावर करता येतो. सातबाऱ्यासारखा तो वारसाहक्काने चालत येतो. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हमालांना ‘सहायक’ म्हणावे असे सुचवले, पण नवे नाव मिळाले तरी पोट त्या क्रमांकावरच राहिले. बिल्ला हा मुळात दागिना नव्हे, दाखला आहे; आणि सिनेमाची पिन ही या दाखल्याचीच लेक आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा हिंदी सिनेमानेच देऊन ठेवला आहे. 1975 च्या ‘दीवार’मध्ये मुंबईच्या गोदीतल्या विजयला 786 क्रमांकाचा बिल्ला मिळतो. त्या आकड्याचे पावित्र्य त्याला रहीमचाचा समजावून सांगतात. पुढे हाच बिल्ला बंदुकीची गोळी अडवतो आणि शेवटी नेमक्या घडीला हातातून निसटतो. पटकथाकार सलीम-जावेद यांनी हा चमत्कार अंगठीवर किंवा ताईतावर सोपवला नाही, हजेरीच्या बिल्ल्यावर सोपवला. मजुराला ओळखायला मालकाने दिलेला आकडा माणसाचे नशीब होऊ शकतो, हे प्रेक्षकाला फोड करून सांगावे लागले नाही, कारण बिल्ला म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. 1983 च्या ‘कुली’त तोच आकडा पुन्हा आला, तोही हमालाच्याच दंडावर. पडद्यावरची एखादी वस्तू चाहत्याची खूण व्हायची, तर ती आधी लोकांच्या अंगावर रुळलेली असावी लागते.

यावर पहिली हरकत अशी, की पिनेचे खरे कूळ मीनाकारीत आहे. जयपूरच्या कारागिरांनी सोन्यात खळगे कोरून रंगीत काच भरली, तीच ही कला. तंत्रापुरते हे नाते मान्य करावे लागते. खऱ्या मीनाकामात काचेची भुकटी सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून धातूला धरते. आजच्या बहुतेक पिनांत मात्र काच नसतेच. पोलादी ठशाने पत्र्यावर चित्राच्या रेषा उठवतात, रेषांमधल्या खळग्यांत सुईने रंग किंवा राळ सोडतात आणि मंद आचेवर सुकवतात. ‘सॉफ्ट’ पिनेवरून बोट फिरवले तर रेषेची कड लागते. ‘हार्ड’ पीन घासून सपाट केलेली असते. मागे टोचणी आणि तिच्यावर रबरी टोपी. पण तंत्र जुळले म्हणजे कूळ जुळले असे नाही. मीन्याचा हार घालणारीची ऐपत दिसते. पीन लावणाऱ्याची बाजू दिसते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: हे सगळे अमेरिकेने घडवले, आपले त्यात काय? 1896 मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने सेल्युलॉइडच्या बटणवजा बिल्ल्याचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या अध्यक्षपदाच्या मॅकिन्ली-ब्रायन निवडणुकीत असे बिल्ले छात्यांवर चढले. 1930 च्या सुमारास चित्रपटगृहांतल्या मिकी माउस क्लबांनी मुलांना सभासदत्वाची बटणे दिली. 1999 मध्ये डिस्नेने आपल्या उद्यानांत पिनांची अदलाबदल सुरू केली आणि संग्रहाचा छंद पक्का झाला. पण या क्रमाकडे नीट पाहिले तर तो आपल्या बाजूनेच बोलतो. आधी मतदाराची बाजू, मग क्लबाचे सभासदत्व, मग संग्रह. दाखला तिथेही पहिला आहे. त्याआधीचे मूळ पाहिले तर मध्ययुगीन युरोपात कँटरबरीहून परतणारे यात्रेकरू शिसे-कथलाचे स्वस्त बिल्ले टोपीला लावत. शिर्डीहून साईबाबांचे लॉकेट किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतून मेरीमातेचे पदक घालून परतणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही.

उरते ती संग्राहकाची अडचण. जो पिना लावतच नाही, फोमच्या पाटीवर टोचून कपाटात ठेवतो, त्याचा दाखला कोणाला दिसतो? पण तो पीन उलटून काय पाहतो, याकडे लक्ष द्यावे. हक्कधारक कंपनीची खूण आहे का, मर्यादित प्रतींतली ही कितवी, नक्कल तर नाही ना, हे तो तपासतो. किंमत चित्राच्या देखणेपणावर कमी आणि या मागच्या बाजूवर जास्त ठरते. म्हणजे बिल्ल्याचा क्रमांक पुढून मागे गेला, एवढेच. बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी: गोदीतल्या मजुराला त्याचा आकडा मालक देई, चाहता आपली खूण स्वतः निवडतो आणि तिचे पैसेही स्वतःच मोजतो. ती खूण मात्र आजही दुसऱ्याच्याच मालकीची असते. म्हणून पीन लावणे ही निव्वळ हौस मानली तर अर्धेच समजते. पूर्वी कामाने जी ओळख दिली, ती आता आवडीकडून मागितली जात आहे.