बिळातला टॅरँटुला : खानदेशातील संगोपन

थेराफोसिडी कुळातील, जमिनीत खोल बीळ करून राहणारा मोठा, केसाळ कोळी हौस म्हणून घरात सांभाळणे. ‘टॅरँटुला’ हे नाव इटलीतील तारांतो शहरावरून आले. मुळात ते तिथल्या एका वेगळ्याच, भटक्या शिकारी कोळ्याचे होते. अमेरिकेत केसाळ कोळी पाहिलेल्या युरोपीयांनी ते त्यांना चिकटवले आणि तिथेच ते रुजले.

हौशी लोकांत सर्वाधिक बोलबाला आहे तो कोबाल्ट ब्लू म्हणजे सायरिओपॅगोपस लिव्हिडस या जातीचा. हा म्यानमार आणि थायलंडचा रहिवासी. शास्त्रीय नाव मिळाले १९९६ मध्ये. पाय निळे, स्वभाव तापट, आणि दर्शन दुर्मीळ. महाराष्ट्रातील बिळकरी कोळ्यांत काइलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस ठळक, आर. आय. पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले. पोटावर वाघासारखे पट्टे आणि बिळाच्या तोंडाशी रेशमाचा जाड पसारा यांवरून तो ओळखू येतो. याच प्रजातीतला आसामचा एक कोळी डिवचला की तोंडाजवळचे काटे एकमेकांवर घासून आवाज काढतो. वुड-मेसन यांनी १८७७ मध्ये त्याला स्ट्रिड्युलन्स, म्हणजे घासून आवाज करणारा, असेच नाव दिले. नवीन जाती सापडायच्या थांबलेल्या नाहीत. हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस ही जाती २०१४ मध्ये नोंदली गेली ती मुंबईच्या आरे दूध वसाहतीतून.

संगोपनाची बहुतेक इंग्रजी पुस्तके थंड देशांत लिहिलेली. त्यांत पेटी गरम कशी ठेवावी यावर पानेच्या पाने असतात. जळगाव-धुळ्यात ती पाने सरळ उलटावीत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. कोळ्याला मात्र २४ ते २८ अंश मानवतात. इथला प्रश्न उबेचा नाही, गारव्याचा आहे. त्याचे उत्तर कोळ्याने स्वतःच शोधून ठेवलेले आहे : खाली जाणे. म्हणून पेटीची लांबी-रुंदी दुय्यम, मातीची खोली मुख्य. पूर्ण वाढलेल्या मादीसाठी किमान २० ते २५ सेंटिमीटर माती हवी. दुकानात मिळणाऱ्या उथळ मत्स्यटाकीत दोन बोटे भुसा पसरून कोळी ठेवणे हा इथला नेहमीचा आणि बहुधा जीवघेणा प्रकार.

मातीही पाहून घ्यावी लागते. काळी कपाशीची माती ओली असताना चिकटते आणि वाळली की तडकते. तडा बिळातूनच गेला तर बीळ ढासळते. भिजवून पिळलेले कोकोपीट आणि नदीकाठचा पोयटा एकत्र दाबून भरल्यास भिंत टिकते. पोयटा शेतातला नको. कपाशी आणि केळी या दोन्ही पिकांवर कीटकनाशकांची फवारणी होते, आणि जे औषध बोंडअळीला मारते ते आठ पायांच्या प्राण्यालाही सोडत नाही. बांधावर पकडलेले रातकिडे खाऊ घालण्यातही हाच धोका. खाद्यासाठी घरी वाढवलेले रातकिडे किंवा झुरळे बरी. कोळ्याच्या खोलीत डासांची अगरबत्ती लावू नये. ‘दुसरे काहीच केले नव्हते’ असे सांगितल्या जाणाऱ्या मृत्यूंमागे तीच असण्याचा संभव मोठा.

उन्हाळ्यात पेटी घराच्या मधल्या, बिनउन्हाच्या खोलीत जमिनीवर ठेवावी. परातीत वाळू भरून ती ओली ठेवायची आणि तीवर पेटी ठेवायची, ही युक्ती माठाच्याच तत्त्वावर चालते. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. आणि वीज गेली की कूलर थांबतो, ओली वाळू थांबत नाही. पाणी मातीवर शिंपडण्याऐवजी एका कोपऱ्यातून खाली मुरवावे, म्हणजे तळ ओलसर आणि माथा कोरडा राहतो. सतत ओल्या मातीत बुरशी धरते. पाण्याची उथळ वाटी मात्र बारमाही हवी.

हौशी लोक गमतीने म्हणतात की यात कोळी पाळायचा नसतो, बीळ पाळायचे असते. दिवसा दिसते ते फक्त रुपयाएवढे, रेशमाने लिंपलेले भोक. रात्री दिवे घालवून तांबड्या कागदाने झाकलेली विजेरी लावली, तर भोकाच्या काठावर चार पायांची टोके टेकलेली दिसतात, शरीर आत. रातकिडा काठापासून पसरलेल्या धाग्यावर पाय देतो. पुढचे डोळ्यांना पकडता येत नाही; पाय दिसेनासे होतात आणि रातकिडाही. आठ डोळे असूनही कोळ्याचे सारे भान त्या थरथरीवरच चालते. मोठ्या मादीला आठवड्या-दहा दिवसांनी एक भक्ष्य पुरते. न खाल्लेला किडा सकाळी काढून टाकावा.

मग एक दिवस कोळी मातीचा बूच ठोकून बीळ बंद करतो आणि आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही. नवशिक्याची बहुतेक चूक इथेच होते : काळजीने तो बीळ उकरतो. आत कोळी कात टाकण्याच्या तयारीत, अनेकदा पाठीवर उताणा पडलेला असतो. मेला म्हणून त्याला फेकून दिल्याचे प्रसंग घडतात. खूण सोपी आहे : कोळ्याचे पाय रक्तद्रवाच्या दाबाने लांब होतात, म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपतात, कात टाकणाऱ्याचे पसरलेले असतात. पुढे बिळाच्या तोंडाशी रिकामी कात येऊन पडते, विषदंतांच्या आवरणासकट. भिजवून उलगडली तर तिच्या आतल्या बाजूवरून नर की मादी ते कळते. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा उगवतो. मादी दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून अधिक जगते. प्रौढ झालेल्या नराचे आयुष्य बहुधा महिन्यांत मोजायचे.

हा प्राणी हातात घेण्याचा नाही. अमेरिकी जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात. आशियाई जातींकडे ते नाहीत, म्हणून त्या सरळ चावतात. चाव्याने ठणका, सूज आणि काही जातींत स्नायूंना पेटके येतात. सर्पदंशावरची लस यावर चालत नाही. जखम साबणाने धुऊन डॉक्टर गाठावा. उलट बाजूने, हातभर उंचीवरून पडला तरी कोळ्याचे पोट फुटू शकते. अंगावर फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्याशी या कोळ्याचा संबंध नाही.

कायद्याची बाजू हौशी मंडळी सहसा शेवटी विचारतात. यावल, अनेर धरण किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलणे गुन्हा आहे. झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया या भारत-श्रीलंकेतील प्रजातीला २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान आहे. अशा परिशिष्टांतील प्राणी बाळगणाऱ्यांना २०२२ च्या वन्यजीव दुरुस्ती कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. टपालाने मागवणेही निर्धोक नाही : २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पोलंडहून आलेल्या एका पार्सलात छोट्या कुप्यांत भरलेले १०७ जिवंत कोळी सापडले.

पावसाळ्यात प्रौढ नर माद्यांच्या शोधात बिळे सोडून फिरतात. एखादा रात्री दिव्याखाली ओट्यावरही येतो. त्याला पाळण्यात अर्थ नाही, कारण त्याचे दिवस भरत आलेले असतात. मोठे पातेले उपडे घालावे, खाली पुठ्ठा सरकवावा आणि बांधापलीकडे नेऊन सोडावे.