बढती मागून मिळत नाही : पदोन्नतीच्या हक्काचा इतिहास

अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत नव्याने रुजू झालेल्या आपल्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो : "खाली मान घालून काम कर, साहेबाच्या नजरेत राहा, बढती आपोआप भेटते." मुलगा तसे करतो. वर्षे जातात. कधी बढती मिळालीच, तर शेजारच्या टेबलावरून शेरा येतो : "कोट्यातून झाला."

मित्रांनो, हा सल्ला आणि हा शेरा, दोन्ही इतिहासाच्या कसोटीवर खोटे आहेत.

पहिला पुरावा लष्कराचा. इंग्रजांच्या मुंबई लष्करात महार शिपाई लढले आणि त्यातले काही हवालदार, जमादार, सुभेदार झाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच शिडीने सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. तेव्हा कोणता कोटा होता? पुढे १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या धोरणाखाली महारांची भरतीच बंद झाली. शिपाई अपात्र ठरले नव्हते, फक्त दार लावून घेतले गेले. ते उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि १९१० मध्ये पुन्हा सरकारकडे लष्कर, पोलीस व सरकारी नोकरीतील प्रवेश मागितला.

दुसरा पुरावा गिरणीचा. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, पण त्या कापसाचे कापड विणण्याचा हक्क आपल्याला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता, म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांतच अडकली. कामात कितीही हुशार असला तरी जास्त पगाराच्या खात्यात त्याला जागा नव्हती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीला भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. मंदिराचे दार आणि विणकाम खात्याचे दार एकाच विटाळाने बंद होते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. परिणामी १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या १२½ टक्के झाल्या. पुढे संविधानात कलम १६(४) आले.

आता मूळ प्रश्न : नोकरीत शिरल्यावर वर चढण्याचे काय? १९६१ च्या रंगाचारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १६(४) मध्ये पदोन्नतीही येते. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने उलट सांगितले. म्हणून १९९५ मध्ये ७७ व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४अ) आले आणि २००१ च्या ८५ व्या दुरुस्तीने अशा बढतीसोबत ज्येष्ठताही दिली. २००६ च्या नागराज निकालाने मागासलेपण व अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी देण्याची अट घातली. २०१८ च्या जर्नेल सिंग निकालाने मागासलेपणाच्या आकडेवारीची अट काढली, पण क्रीमी लेयर आणला.

महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के आरक्षण दिले होते. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण तिथे असतानाच ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातील सगळी पदे २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले. म्हणजे मधल्या सतरा वर्षांची आपली चढती एका कागदाने पुसली गेली. ज्यांचे अर्धे आयुष्य एकाच टेबलावर गेले, त्यांना "चांगले काम करा" हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

तरीही काम उत्तमच केले पाहिजे. आपल्या चुकीची वाट पाहणारे जास्त आहेत. पण त्यासोबत कागद सांभाळणे हेही कामच आहे, हे बाबासाहेबांच्या निवेदनांनी शिकवले.

दरवर्षी १ जानेवारीची ज्येष्ठता यादी निघते. तात्पुरती यादी वाचा, चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. विभागीय परीक्षा पहिल्याच संधीत काढा. महसूल खात्यात अर्हता परीक्षा ठरलेल्या मुदतीत व संधींत न झाल्यास ज्येष्ठता जाते, मग दोष कुणाला देणार? गोपनीय अहवालाची प्रत मागा. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देव दत्त खटल्यात सांगितले आहे. जात वैधता प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. आणि बिंदुनामावली पाहा. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतील कार्यालयांची बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षात तपासली जाते. ती माहिती अधिकारात मागता येते. कोणता बिंदू कधीपासून रिकामा आहे, हे एकट्याने विचारले तर साहेब डोळे वटारतो. संघटनेने विचारले तर फाईल हलते.

आणि एक शेवटचे. बढती मिळालेल्या आपल्या साहेबांनो, खालच्या पायरीवरच्या पोराचा गोपनीय अहवाल आता तुमच्या हातात आहे. तो लिहिताना सासवडची ती सभा आठवा. ज्यांनी तेव्हा मागणी केली, त्यांना स्वतःला काहीच मिळाले नव्हते.

जय भीम!