चार सह्यांचं पत्र

'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. कायद्याच्या पुस्तकात हा खटला याच नावाने आहे. नाव आरोपी हेड कॉन्स्टेबलचं. जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी शीर्षकात कुठेच नाही!

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा (आता गडचिरोली). एका अनाथ आदिवासी मुलीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणलेलं. वय फार तर सोळा. बरोबरच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. बाहेर जमाव जमून ठाणं पेटवायची भाषा झाली, तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली.

१९७४ मध्ये सेशन्स कोर्टाने दोघा पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये हायकोर्टाने शिक्षा दिली: एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक. त्यांचं म्हणणं सरळ होतं, भीतीने गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही फिरवलं. का? तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केलाच नसणार.

इथे गोष्ट संपायची. पण १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातलं कुणीच तिचं वकील नव्हतं. मुद्दा एकच, रात्री पोलीस ठाण्यात अडकलेली गरीब मुलगी 'नाही' म्हणणार तरी कशी? ते पत्र हातोहात फिरलं. १९८० मध्ये मुंबई-दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या.

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं. आणि शरीरसंबंध सिद्ध झाला असेल व बाई कोर्टात म्हणाली की संमती नव्हती, तर कोर्टाने ती नव्हती असंच धरून चालायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू बदलली. आधी बाईने सिद्ध करायचं, आता वर्दीवाल्याने.

पण नवा कायदा जुन्या गुन्ह्याला लागत नाही. देसाईगंजचे दोघे निर्दोषच राहिले. तिच्यामुळे जे बदललं, ते तिच्यानंतरच्या बायकांसाठी.

याच १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरवलं. तिचं नाव तोवर देशभर झालं होतं. मी मुद्दामच इथे लिहिलं नाहीये. उशिरा का होईना, एवढं तरी...