पुंजगोलाणूंच्या रोगकारकतेतील जनुकीय वैविध्य

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुंजगोलाणूंच्या प्रजातीतील, मानवाच्या त्वचेवर व नाकपुड्यांत आढळणारा जीवाणू आहे. केसतूड, रांजणवाडी, नखुरडे यांसारख्या किरकोळ विकारांपासून न्यूमोनिया, अस्थिशोथ व रक्तातील जंतुसंसर्ग यांसारख्या प्राणघातक रोगांपर्यंत अनेक रोगांना तो कारणीभूत ठरतो. हा जीवाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहतो. संसर्ग झाल्यास त्याची तीव्रता रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर जशी अवलंबून असते, तशीच ती त्या जीवाणूच्या वाणात असलेल्या जनुकांवरही अवलंबून असते.

नाव व शोध

स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० साली गळवांतील पुवात हे जीवाणू पाहिले. द्राक्षांच्या घडासारख्या रचनेवरून त्यांनी १८८२ मध्ये त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. सोनेरी वसाहतींवरून ‘ऑरियस’ हे जातिनाम १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी योजले.

वैविध्याचे मूळ

या जीवाणूचा जनुकसंच सुमारे २८ लाख आधारक-जोड्यांचा असतो. त्याचा मोठा भाग सर्व वाणांत समान असून जीवनावश्यक कार्ये त्यावर चालतात. उरलेला भाग वाणागणिक बदलतो. हा बदलता भाग मुख्यतः जीवाणुभक्षी विषाणू, प्लाझ्मिडे आणि ‘रोगकारक बेटे’ म्हणून ओळखले जाणारे जनुकसमूह यांच्याद्वारे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे सौम्य वाणालाही नवे विष निर्माण करण्याची क्षमता प्राप्त होऊ शकते.

प्रमुख रोगकारक घटक

• पँटन-व्हॅलेंटाइन विष : हे पांढऱ्या रक्तपेशींना छिद्रे पाडते. त्याची दोन जनुके जीवाणुभक्षी विषाणूवाटे येतात. वारंवार होणाऱ्या गळवांशी व फुप्फुसाच्या तीव्र संसर्गाशी त्याचा संबंध आढळतो.
• विषजन्य आघाताचे प्रथिन : याचे जनुक रोगकारक बेटावर असते.
• आंत्रविषे : ही अन्नविषबाधेस कारणीभूत होतात. अन्न उकळल्याने जीवाणू मरतो, परंतु आधीच तयार झालेले आंत्रविष बहुधा टिकून राहते.
• मेक-ए जनुक : हे विष निर्माण करीत नाही, मात्र मेथिसिलिन व तत्सम प्रतिजैविके निष्प्रभ ठरवते. असे रोधक वाण प्रथम १९६१ साली इंग्लंडमध्ये नोंदले गेले.

जीवाणूंची संख्या वाढल्यावर चिकटण्याची जनुके मंदावून विषांची जनुके कार्यरत करणारी एक नियंत्रक यंत्रणाही त्यांत असते. तिचे चार प्रकार ज्ञात आहेत.

भारतातील वाण

वाणांची ओळख सात मूलभूत जनुकांच्या क्रमावरून पटवतात व त्यांना क्रमप्रकारांचे आकडे देतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ व ७७२ या क्रमप्रकारांच्या मेथिसिलिनरोधक वाणांचा उदय नोंदवला. क्रमप्रकार ७७२ ‘बंगाल उपसागर वाण’ म्हणून ओळखला जातो. त्यातील एकाच जीवाणुभक्षी विषाणूच्या जनुकांत पँटन-व्हॅलेंटाइन विष व एक आंत्रविष ही दोन्ही आढळतात. हा वाण भारतीय उपखंडात उगम पावला. १९९० च्या दशकात अनेक प्रतिजैविकांना रोध करणारी जनुके सामावून घेतल्यावर त्याची एक शाखा प्रबळ झाली आणि प्रवासी व कुटुंबांच्या संपर्कातून इतर देशांत पोहोचली.

किनारपट्टीच्या संदर्भात

मालवणसारख्या मासेमारीच्या प्रदेशात काटे व जाळ्यांमुळे हातांना जखमा होणे नित्याचे असते. मासळी हे या जीवाणूचे मूळ स्थान नव्हे. तो बहुधा हाताळणाऱ्याच्या नाकातून वा जखमेतून तीवर येतो. सुमारे १० टक्के मिठातही तो वाढू शकत असल्याने केवळ खारवल्याने मासळी सुरक्षित होत नाही. हातांची स्वच्छता, जखम झाकणे व मासळी बर्फात ठेवणे हे त्यावरील प्रभावी उपाय होत.

उपचारांतील महत्त्व

वाण डोळ्यांना सारखेच दिसत असल्याने गंभीर वा वारंवार होणाऱ्या संसर्गात पुवाचे संवर्धन करून प्रतिजैविक-संवेदनक्षमता तपासणे आवश्यक ठरते. गळू झाल्यास पू काढून टाकणे हाच मुख्य उपचार असतो. वैद्यकीय सल्ल्याविना प्रतिजैविके घेतल्यास संवेदनक्षम जीवाणू नष्ट होऊन रोधक वाणांना वाव मिळतो.