धुरजड आणि उलाळ

माझा भाचा नवी (म्हणजे सेकंडहँड) मोटार घेऊन देवबागेत आला, तेव्हा तात्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ह्येच्यात भाताचा पोता खय ठेवतलस?"

प्रश्न रास्त होता. मोटार सॅन स्टॉर्म. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्यात तयार झालेली, दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. अंग फायबरचे, इंजिन रेनोचे, ११४९ सीसी. आणि या नाजूक प्रकृतीला हूक लावून चिरंजीव बापाची होडी ओढणार होते!

होडी पाण्यातूनच का नेली नाही, असे आपण विचाराल. भावोजी गेल्यापासून ती तीन वर्षे माडाखाली पडून होती, फळ्यांत फटी पडल्या होत्या. पाऊस तोंडावर आलेला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, अशा त्या चिंचोळ्या पट्टीत पावसाळी लाटा कुंपणाबाहेर थांबून हाक मारीत नाहीत. होडी दुरुस्तीला मालवणात न्यायलाच हवी होती. टेम्पो मिळत होता, पण भाचा म्हणाला, "बाबांची होडी मीच नेणार." यावर कोण काय बोलणार?

हूक फायबरला लावला असता, तर पहिल्याच हिसक्याला मोटार पुढे आणि हूक होडीपाशी! म्हणून वेल्डरने खालच्या लोखंडी चासीला अँगल बोल्टांनी आवळला आणि त्यावर गोल बॉल बसवला. हा बॉल युरोपात ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत सर्रास दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. एवढ्याशा फरकावर दोन खंडांनी वेगळ्या चुली मांडल्या. आमच्याकडे भाऊ बांधावरून मांडतात तशा.

मी पडलो निवृत्त मास्तर. ऐकवलाच इतिहास. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाचा एक रथ सापडला. तो उत्तर हडप्पा काळातला मानतात. दोन चाके, दोन बैल, उभा राहून हाकणारा एकच माणूस. म्हणजे महाराष्ट्रातली पहिली स्पोर्ट्स कारच ती. पोते ठेवायला जागा तिथेही नाही!

"आणि बैलांच्या मानेर वजन किती?" तात्यांनी विचारले. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. मास्तर गप्प.

उत्तर तारकर्लीला मिळाले. वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागला. मागच्या रिक्षातून तात्या ओरडले, "उलाळ झाली! थांबव!"

होडीचे जड इंजिन मागच्या टोकाला होते. त्यामुळे ट्रेलरची दांडी वर उचलली जात होती आणि मोटारीचा मागचा भाग तिच्याबरोबर हलका होत होता. गाडी पुढून फार जड, म्हणजे धुरजड झाली तर बैलाची मान जाते. मागून जड, म्हणजे उलाळ झाली तर जू गळ्याला काचते. आजचे जाणकारही हेच सांगतात: भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा विसावा ते दहावा हिस्सा बॉलवर पडावा.

आम्ही इंजिन उतरवून पुढे बांधले, नांगरही पुढे सरकवला. तात्यांनी दांडी तळहाताने जोखली. "आता मानेक बरा वाटतला," म्हणाले आणि भाच्याशेजारच्या सीटवर जाऊन बसले.

मालवणात पोचल्यावर हूक सोडायला भाच्याने फार वेळ लावला. आम्ही कोणी घाई केली नाही. तात्या मात्र सीटमधून कसेबसे बाहेर पडत म्हणाले, "गाडी बरी हा. पोता काय मावाचा नाय."