ऋण कार्य : एका चिन्हाचा इतिहास

हमाल धान्याचे पोते ओट्यावर चढवतो तेव्हा तो पोत्यावर धन कार्य करतो आणि तेच पोते सावकाश खाली ठेवताना ऋण कार्य करतो, असे आपण वर्गात शिकवतो. यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ''मग खाली उतरवण्याची मजुरी हमालानेच द्यायची का?'' वर्ग हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कार्याची संकल्पना खरोखरच मोबदल्याच्या हिशेबातून वाढली आहे.

इंग्लंडमध्ये 1712 पासून खाणींतील पाणी उपसण्यासाठी न्यूकोमेनची वाफेची यंत्रे बसू लागली. ठरावीक कोळसा जाळून किती वजनाचे पाणी किती उंच चढते, हे खाणमालकाला हवे होते. त्यामुळे वजन आणि उंची यांचा गुणाकार हे यंत्राच्या कामगिरीचे माप ठरले. येथे सारे पाणी वरच चढत होते, तेव्हा चिन्हाचा प्रश्न उद्‌भवला नाही.

तो उद्‌भवला फ्रान्समध्ये. लाझार कार्नो हा लष्करी अभियंता होता. उष्णतागतिकीमुळे आपल्याला परिचित असलेल्या सादी कार्नोचा हा पिता. 1783 मध्ये यंत्रांवरील आपल्या निबंधात त्याने बलांचे दोन वर्ग पाडले. बल आणि ते जेथे लागते त्या बिंदूचा वेग यांच्यात लघुकोन असेल, तर ते बल चालक. विशालकोन असेल, तर ते रोधक. बल डावीकडे आहे की उजवीकडे, वर आहे की खाली, याला येथे महत्त्व नाही. गतीशी त्याचे नाते काय, एवढेच पाहायचे.

पुढे 1829 मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या कोरिऑलिसने यंत्रांवरील ग्रंथात या राशीला रोजच्या व्यवहारातला 'काम' हाच फ्रेंच शब्द दिला. त्याच सुमारास मेट्झ येथे कारागिरांसाठी वर्ग घेणाऱ्या पाँस्लेनेही तो वापरला. लायबनिट्सने 1686 मध्ये गतीचे माप म्हणून वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार मांडला होता. कोरिऑलिसने त्याचे निम्मे घेतले. त्यामुळे चालक बलांच्या कार्यातून रोधक बलांचे कार्य वजा केले, की उरते तेवढाच या राशीतील बदल, असा सरळ जमाखर्च मांडता आला. यालाच आपण आज गतिज ऊर्जेतील बदल म्हणतो.

आज आपण बल, विस्थापन आणि त्यांच्यातील कोनाची कोज्या यांचा गुणाकार करतो. विशालकोनाची कोज्या ऋण असते. त्यामुळे कार्नोचे दोन वर्ग एकाच सूत्रात सामावतात. म्हणजेच कार्याचे चिन्ह दिशा दाखवत नाही. त्या बलामुळे वस्तूच्या खात्यात ऊर्जा जमा झाली की खर्ची पडली, हे ते सांगते.

आता हमालाकडे वळू. पोते 20 किलोग्रॅमचे आणि ओटा 1 मीटर उंच असेल, तर चढवताना हाताचे कार्य सुमारे +196 ज्यूल आणि गुरुत्वबलाचे −196 ज्यूल. उतरवताना चिन्हे नेमकी उलटी होतात. दोन्ही वेळा पोते अखेर स्थिरच असल्याने बेरीज शून्य. मात्र उतरवताना मिळालेले 196 ज्यूल हमालाला साठवता येत नाहीत. स्नायू म्हणजे स्प्रिंग नव्हे. ती ऊर्जा मुख्यतः उष्णतेत जाते आणि शिवाय पोते सावरून धरण्यासाठी स्नायूंना स्वतःची रासायनिक ऊर्जा खर्चावीच लागते. म्हणून हमाल दोन्ही वेळा दमतो. ऋण चिन्ह आहे ते पोत्याच्या खात्यात. हमालाच्या श्रमाचे खाते निराळे आहे आणि मजुरी त्या श्रमाची आहे.

''कार्य धन की ऋण?'' एवढाच प्रश्न अपुरा आहे. ''कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर केलेले?'' हे विद्यार्थ्यांना आधी विचारायला लावावे. मग घर्षणाचे कार्य नेहमी ऋणच असते, हा समजही गळून पडेल. निघणाऱ्या ट्रकच्या हौद्यातील पेटी न घसरता ट्रकबरोबर पुढे जाते, ती घर्षणामुळेच. आणि जमिनीवरून पाहता पेटीवरचे ते कार्य धन असते.