दम्याचे औषध, गलगंडाचे कोडे

१/ एकोणिसाव्या शतकापासून दम्याच्या रुग्णांना पोटॅशियम आयोडाइड दिले जाई. छातीतील चिकट कफ सुटावा, हा हेतू. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काही रुग्णांचा गळा मात्र फुगू लागे.

२/ हे कोडेच होते. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे वैद्य क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले. मग गलगंडाच्या औषधानेच गलगंड कसा व्हावा?

३/ उत्तराचा धागा १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात गवसला. वुल्फ आणि चायकॉफ यांनी उंदरांना आयोडाइडची मोठी मात्रा दिली. तेव्हा थायरॉइड ग्रंथीने आयोडीनपासून संप्रेरक घडवणेच रोखले.

४/ निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. ती आयोडाइड कमी शोषते आणि काम पुन्हा सुरू होते. त्यामुळे निरोगी माणसातील बदल बहुधा रक्ततपासणीपुरताच राहतो. जिला सावरणे जमत नाही, त्या ग्रंथीला मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी सतत चेतवत राहते आणि गळा फुगतो.

५/ गर्भातील बाळाची ग्रंथी अशीच असमर्थ असते. दम्यासाठी आयोडाइड घेणाऱ्या मातांची काही बालके गलगंड घेऊनच जन्मली. काहींची श्वासनलिका त्याखाली दबली. आईचा श्वास मोकळा करणाऱ्या औषधाने बाळाचा श्वास कोंडला होता.